आग लावणारे पुष्कळ, पेटवणारे किती?

एक साधा प्रश्न विचारते. बाहेर धो धो पाऊस पडतोय. लाइट गेलेली. सिलिंडर संपलेला. मोबाइल बंद पडायच्या बेतात. तुमच्या हातात एक काडेपेटी आहे, तिच्यात मोजून दहा काड्या आहेत आणि पडवीत थोडं लाकूड पडलंय. या दहा काड्यांत चूल पेटवून एक लिटर पाणी उकळून दाखवाल?

हॉस्टेलवर आग लावणारे तसे पुष्कळ! हिचं तिला सांगायचं, दोन रूम-पार्टनर्समध्ये लावून द्यायची, सबमिशनच्या आदल्या रात्री ‘सरांनी डेट पुढे ढकलली’ अशी पुडी सोडायची... या विषयात आपण सगळेच डिस्टिंक्शनवाले. पण खरीखुरी आग पेटवायची म्हटलं की एकमेकांची तोंडं बघायची. गंमत म्हणजे आम्ही मेकॅनिकलवाले वर्षभर करतो काय? बॉयलर, आय.सी. इंजिन, कम्बश्चन. लॅबमध्ये बॉम्ब कॅलरीमीटर लावून इंधनाचा उष्मांक काढतो, जर्नलमध्ये सुबक अक्षरात लिहितो, व्हायवाला घडाघडा म्हणतो. आणि त्याच इंधनाला काडी लावायची वेळ आली की बाइकची टाकी उघडतो!

माझं म्हणणं थोडक्यात असं, की ओल्या दिवसात आग पेटवता येणं, ती हवी तेवढीच ठेवता येणं आणि शेवटी पूर्ण विझवता येणं हा एकच विषय आहे, आणि तो प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला आलाच पाहिजे. यातलं एक येतं आणि दोन येत नाहीत, तर तो नापासच.

‘सर्व्हायव्हल’ हा शब्द आपल्याकडे टीव्हीवरून आला. २००६ साली ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ सुरू झालं आणि तेव्हापासून सगळ्यांना वाटतं, की आग म्हणजे ठिणगी. गारगोटी घासायची, दोन लाकडं घुसळायची, सळईवर सुरी फिरवायची आणि झाला जाळ! ठिणगी पाडायची विद्या आपल्याला नवी नाही हो. यज्ञात अरणी घुसळून अग्नी काढतात, आपल्या पणजोबांच्या बटव्यात चकमक असायची. पण ठिणगी हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात छोटा भाग. तुमच्याकडे तर दहा काड्या आहेत, म्हणजे ठिणगीचा प्रश्न दहा वेळा सुटलेला आहे. तरी आग पेटत नाही. का?

याचं उत्तर मला अंजनवेलला मिळालं. अंजनवेल म्हणजे गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिण काठाला. खाडीपलीकडे दाभोळ, इकडे टेकाडावर गोपाळगड आणि टाळकेश्वराजवळचं दीपगृह. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे ‘फायर ट्रँगल’ पाठ केला होता: इंधन, ऑक्सिजन, उष्णता. पण फाटी, शेणी, सोडण, पातेरा, ढलपी, निखारा, फुंकणी हे शब्द मे महिन्याच्या सुट्टीत आजीकडे शिकले. आणि खरं सांगते, त्या त्रिकोणापेक्षा हे सात शब्द जास्त कामाचे आहेत.

आजीकडे गॅस आहे. स्वयंपाक गॅसवरच होतो. पण अंघोळीचं पाणी अजून न्हाणीतल्या चुलीवर तापतं. या चुलीची तयारी पावसाळ्यात नाही, एप्रिल-मेमध्ये होते. कोकणात पावसाआधीच्या बेगमीला ‘आगोट’ म्हणतात. आगोटीत नुसती डाळ-तांदूळ-सुकी मासळी भरत नाहीत, जळणही भरतात. फाटी फोडून रचायची, शेण्या थापून वाळवायच्या, नारळाची सोडणं आणि करवंट्या वेगळ्या ठेवायच्या, सुक्या झावळ्यांच्या मुड्या बांधायच्या. सगळं जमिनीपासून वर, पागोळ्यांपासून लांब. दुसऱ्या दिवशी लागणारी चार लाकडं आदल्या दिवशीच चुलीच्या कडेला गरम राहतील अशी मांडून ठेवायची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा ठिकाणी जून उजाडल्यावर जो सुकं लाकूड शोधायला निघाला, तो उपाशी राहिला! म्हणजे आग पेटवणं हे काडीचं काम नाहीच, ते आगोटीचं काम आहे. काडी सगळ्यात शेवटी.

आता आपल्या भाषेत बोलू. एका काडीतून जास्तीत जास्त एक किलोज्यूल उष्णता मिळते. एक ग्रॅम पाणी तीस अंशांवरून उकळून त्याची वाफ करायला साधारण अडीच किलोज्यूल लागतात. म्हणजे अख्खी काडी, काही वाया न घालवता वापरली तरी अर्धा ग्रॅम पाणीसुद्धा सुकवत नाही. आणि लाकडातलं पाणी उडाल्याशिवाय त्याचं तापमान शंभरच्या फार वर जात नाही. पेटणारे वायू लाकडातून सुटतात ते अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास. मग ओल्या ओंडक्याखाली काडी धरून काय होणार? काडी विझणार, बोट भाजणार आणि आपण काडेपेटीच्या कंपनीला शिव्या घालणार.

म्हणून पहिली काडी ज्याला लावायची ते केसासारखं बारीक आणि कडकडीत सुकं हवं. सोडणाच्या आतला काथ्या चोळून मोकळा केला, की कोकणात याहून चांगली पेटवण नाही. मग काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, आणि मग मनगटाएवढी फाटी. एक पायरी गाळली की आग गेली. कारणही सोपं आहे. एक सेंटिमीटर जाडीच्या काटक्या आणि दहा सेंटिमीटर जाडीचा ओंडका एकाच वजनाचा घेतला, तर काटक्यांचा उघडा पृष्ठभाग ओंडक्याच्या दहापट भरतो. जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त हवा आणि भराभर तापणं. फायनल इयरला हीट ट्रान्सफरच्या पेपरात ‘फिन्स’ येतात ना, तीच गोष्ट!

बाहेरून पावसाने भिजलेलं मेलेलं लाकूड आतून पुष्कळदा सुकं असतं. कोयत्याने फोडून आतल्या ढलप्या काढायच्या. काड्या कमी असतील तर आधी मेणबत्ती पेटवायची आणि मेणबत्तीने पेटवण. काडी जेमतेम पंधरा-वीस सेकंद जळते. दहा ग्रॅम मेणबत्तीच्या तुकड्यात चारशे किलोज्यूलच्या वर ऊर्जा असते, म्हणजे चारशे काड्यांइतकी. ट्रेकच्या सॅकमध्ये दोनशे रुपयांची ठिणगीची सळई नेण्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी, मेणबत्तीचा तुकडा आणि मूठभर सुका काथ्या न्या. खर्च पाच रुपये.

मांडणीत सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे लाकडं कोंबणं. आजीचं वाक्य ठरलेलं, ‘अगो, वाऱ्याला वाट दे आधी. कोंबू नको.’ खाली दोन जाड लाकडं समांतर, मध्ये पेटवण, वर आडव्या-उभ्या काटक्या, आणि काडी लावायची वाऱ्याच्या बाजूने, खालून. जाळ वर चढतो आणि वाऱ्याबरोबर आत सरकतो. फुंकर जाळावर नाही, बुडाच्या निखाऱ्यावर. फुंकणी नेमकी त्यासाठीच. चुलीचे दगड नदीतले उचलून आणू नयेत. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटून उडतो. आणि कण्हेरीचं लाकूड किंवा काजूची टरफलं चुलीत घालू नयेत. कण्हेर विषारी, आणि काजूच्या टरफलातल्या तेलाचा धूर डोळे नि कातडी सोलून काढतो.

एक लिटर पाणी उकळायला सुमारे तीनशे किलोज्यूल लागतात. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाची जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यात जाते. त्या हिशोबाने लिटरमागे दोनशे ग्रॅम सुकं लाकूड. चार जणांना दिवसाला बारा लिटर पाणी उकळायचं तर अडीच किलो. हा आकडा माहीत असेल तर माणूस आधी लाकूड गोळा करतो आणि मग काडी ओढतो. माहीत नसेल तर उलटं करतो, आणि आग अर्ध्यावर उपाशी मरते.

एकदा पेटलेली आग परत पेटवावी लागू नये, हीसुद्धा एक कलाच. रात्री निखाऱ्यावर शेणीचा तुकडा ठेवून वर राखेचं पांघरूण घालायचं. राख हवा तोडते आणि ऊबही धरून ठेवते, त्यामुळे निखारा हळूहळू सकाळपर्यंत धुमसत राहतो. पूर्वी काडेपेट्या महाग, त्यामुळे चूल विझली तर शेजारणीकडून विस्तव आणायचा. ‘त्या दोघांत विस्तव जात नाही’ असं आपण म्हणतो ना? मला ते नुसतं कडक भांडणाचं वाक्य वाटायचं. त्याचा अर्थ असा, की वैर इतकं, की चुलीतला निखारासुद्धा या घरातून त्या घरात जात नाही. विस्तव देणं ही माणुसकीची अगदी खालची पायरी होती. तीही तुटली म्हणजे सगळं तुटलं.

अंजनवेलला आग पेटवणारं आणखी एक मोठं घर आहे. सगळ्या महाराष्ट्राला ते ‘एन्रॉन’ म्हणून माहीत आहे. दाभोळ वीज प्रकल्प. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला. वीजदराच्या भांडणात २००१ मध्ये बंद पडला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनचं दिवाळं वाजलं. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली, क्षमता १९६७ मेगावॉटवर गेली. आणि २०१३ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यावर सगळं पुन्हा थंड! टर्बाइन जागेवर, इंजिनिअर जागेवर, ठिणगी पाडायची सोय जागेवर. जळण तेवढं नाही. प्रकल्पाच्या राजकारणात मला शिरायचं नाही, तो वेगळा विषय आहे. पण आपण इंजिनिअर होणार आहोत म्हणून सांगते: जळणाची बेगमी हा दोन हजार मेगावॉटलाही चुकलेला प्रश्न आहे, आणि न्हाणीतल्या चुलीपुरता तो आमच्या आजीने सोडवलेला आहे.

‘अगं पण आता याची गरज काय? गॅस आहे, इंडक्शन आहे, हॉस्टेलला गीझर आहे’, असं माझी रूम-पार्टनर म्हणते. तिला मी दोन तारखा सांगते. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि आमच्या खाडीपलीकडच्या दापोली, मंडणगड तालुक्यांतली घरं उघडी पडली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. दुसरी २२ जुलै २०२१. अंजनवेलला समुद्राला मिळणारी हीच वाशिष्ठी वर चिपळूणमध्ये शहरात शिरली. बाजारपेठ बुडाली, लोक माळ्यावर नि गच्चीवर अडकले. अशा वेळी सगळीकडे पाणीच पाणी असतं, पण प्यायला उकळलेलं पाणी नसतं. कोकणात पुरानंतर लेप्टोची भीती असते, पोट बिघडण्याची तर असतेच. त्या दिवशी ‘सर्व्हायव्हल’ म्हणजे ॲमेझॉनचं जंगल नसतं, आपलीच गच्ची असते.

आणि शिकलो नाही म्हणून आपण आग पेटवायची थोडीच सोडतो? न शिकता पेटवतो. ओळखीच्या एका ग्रुपने पावसाळी ट्रेकला ओली लाकडं पेटेनात म्हणून बाटलीतून पेट्रोल ओतलं. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांतही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. आग लाकडाला नाही, वाफेला लागली आणि धारेवरून बाटलीपर्यंत चढली. त्या मुलाचा हात दीड महिना बँडेजमध्ये होता. लाकडं? ती ओलीच राहिली! कारण पेट्रोल वरच्यावर जळून जातं, आतल्या पाण्याला त्याची झळही पोचत नाही. दुसरा प्रकार याहून वाईट. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा तंबूत घ्यायची. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. निखारा बाहेर, माणूस आत. यात तडजोड नाही.

आता विझवणं. आग पेटवल्याचा फोटो सगळे टाकतात, विझवल्याचा कुणी टाकत नाही. कोकणात फेब्रुवारी ते मे वणव्यांचा काळ. कुणाच्या तरी एका विडीने किंवा अर्धवट विझलेल्या चुलीने गवत पेटतं आणि बघता बघता आंबा-काजूची कलमं जातात. दहा वर्षं वाढवलेलं कलम दहा मिनिटांत. वणवा आला की गावकरी हिरव्या डहाळ्यांनी झोडपतात, पुढची पट्टी गवत काढून मोकळी करतात. वन खातं आधीच जाळरेषा आखून ठेवतं. ११ मार्च २०१८ ला तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीला ट्रेकर्सचा ग्रुप वणव्यात सापडला. वीसहून अधिक जण गेले. आपल्यासारखेच, सुट्टीला डोंगरात गेलेले. म्हणून नियम असा: विझवायला पुरेल एवढं पाणी शेजारी असल्याशिवाय काडी ओढायची नाही. विझवताना पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, परत ओतायचं. राखेत उघडा हात ठेवता आला तरच आग विझली. हात ठेववत नसेल तर ती झोपली आहे, मेलेली नाही.

आणि काही ठिकाणी आग पेटवायचीच नाही, हेही ज्ञानच. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. हरिश्चंद्रगड हा अभयारण्यात येतो, हे तिथे शेकोटी करणाऱ्या किती जणांना माहीत असतं? अशा ठिकाणी पोळी-भाजी बांधून न्या आणि गुपचूप खा!

एक गोष्ट स्पष्ट करते. ‘परत चुलीकडे चला’ असं मी म्हणत नाही. चुलीच्या धुराने आजीचे डोळे किती गेले, खोकला किती राहिला, ते मी बघितलंय. गॅस घरोघरी आलाच पाहिजे. पण रोज पोहावं लागत नाही म्हणून पोहणं शिकायचं नाही, असं कुणी म्हणतं का?

शेवटी मागणी. मागे हॉस्टेलच्या आवारात शेकोटीला बंदी झाली. बंदी योग्यच होती. भिंतीला लागून, वाळलेल्या गवतात, थिनर टाकून केलेली शेकोटी कुठलाही रेक्टर बंदच करणार. पण बंदी घालून विषय संपत नाही. आमच्या कॉरिडॉरमधल्या लाल बादल्यांत वाळूपेक्षा वेफर्सची पाकिटं जास्त आहेत, आणि भिंतीवरचं ते लाल सिलिंडर कसं चालवायचं हे शंभरातल्या पाच जणींनाही सांगता येणार नाही.

तेव्हा प्राचार्य, रेक्टर आणि एन.एस.एस.च्या सरांना विनंती, की दर वर्षीच्या सात दिवसांच्या शिबिरातली एक दुपार या विषयाला द्या. चार-चार जणांचे गट. प्रत्येकाला दहा काड्या, थोडं ओलं, थोडं सुकं लाकूड. पेट्रोल, रॉकेल, थिनर काही नाही. एक लिटर पाणी उकळायचं, मग आग विझवायची. राखेत हात ठेवून दाखवला तरच मार्क. शिकवायला बाहेरून कुणी तज्ज्ञ नकोत, शिबिर ज्या गावात असेल तिथल्या दोन आज्यांना बोलवा. मानधन द्या, नुसता नारळ नको! उरलेल्या वेळात त्याच सरांनी एक्स्टिंग्विशर चालवून दाखवावा, प्रत्येकीला हातात धरू द्यावा.

वर्कशॉपमागचं मैदान मोकळं आहे, पाण्याचा नळ जवळ आहे, लाकूड सुतारकामाच्या शॉपमध्ये भरपूर पडलेलं आहे. शिबिर डिसेंबरात. जळण आत्तापासून सुकत ठेवलं तर तोवर पेटण्याजोगं होईल. परवानगी तेवढी द्या, बाकीची आगोट आम्ही भरतो.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल